बेताचे घर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांचा पायंडा घातला. त्या परंपरेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे हे ओघानेच आले. आमचे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि त्यापुढचे युनियनच्या कचेरीतील कपाटात झाले. तेव्हा आज आपल्याला विद्वत्ता ऐकावयास मिळणार नाही. हिशेब मात्र मिळेल. कामगार पुढाऱ्याने संपाविषयी नाही तर बोनसाविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. आम्ही घराविषयी बोलणार आहोत, आणि तेही घर मोठे करण्याविषयी नव्हे, तर लहान करण्याविषयी. निवृत्तीच्या सुमारास माणसाने आपले बिऱ्हाड लहानशा, सोयीच्या जागेत हलवावे काय, आणि हलवावे तर केव्हा, कोठे व कोणाच्या नावावर, एवढाच आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, हा बंगलेवाल्यांचा प्रश्न आहे. ज्याचा जन्म दहा बाय बाराच्या खोलीत गेला त्याने आणखी लहान काय करावयाचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही देणार आहोत. परंतु आधी हा विषय आमच्या डोक्यात का घोळतो आहे ते सांगितले पाहिजे.

युनियनच्या कामात आम्ही शेकडो निरोपसमारंभ पाहिले. हार, नारळ, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ. उद्यापासून ज्याला वेळेचा जाब कोणी विचारणार नाही त्याला घड्याळ का द्यावयाचे, हे आम्हांला कधी उमगले नाही. पण रीत आहे. समारंभ आटोपला की आम्ही त्या गृहस्थांना हळूच विचारतो, "आता राहणार कुठे?" आणि दहांतले आठ जण उत्तर देतात, "बघू." पस्तीस वर्षे ज्याने एका मिनिटाचा उशीर होऊ दिला नाही, तो माणूस उरलेल्या वीस वर्षांबद्दल "बघू" म्हणतो. या "बघू"विरुद्ध आम्हांला आज बोलावयाचे आहे. कारण आपण बघितले नाही म्हणजे दुसरे कोणीतरी बघते. आणि जो बघतो तो स्वतःच्या सोयीने बघतो.

कामगाराच्या निवृत्तीला तीन दारे असतात. पहिले दार क्वार्टरचे. कंपनीच्या वसाहतीतील जागा नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तरी माणूस तेथे तुळस लावतो, मुलांची लग्ने करतो आणि शेवटी मुदत संपल्याची नोटीस दारावर लागली की गडबडून जातो. जागा रिकामी होईपर्यंत देणी रोखून धरण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत, त्याविरुद्ध भांडलोही आहोत. पण भांडण जिंकले तरी क्वार्टर काही परत मिळत नाही.

दुसरे दार चाळीचे. मुंबईच्या बीडीडी चाळी आपणांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक, आणि तळमजल्यावर तीन मजले. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. म्हातारपणी संडासासाठी रात्री व्हरांड्याचे टोक गाठावे लागू नये, यासारखे सुख नाही. पण चाळीत दार उघडे असे आणि चार माणसे सहज डोकावत. मनोऱ्यात दार बंद असते आणि डोकावणाऱ्याला आधी घंटी वाजवावी लागते. तेव्हा चौरस फुटांबरोबर काय मिळाले आणि काय सुटले, हे दोन्ही खात्यांत लिहावयास हवे.

गिरणी कामगारांची गोष्ट याहून कडू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या ६,९२५ घरांची सोडत २०१२ साली निघाली. घर २२५ चौरस फुटांचे. संपाच्या वेळी जो तिशीत होता, तो सोडतीच्या दिवशी साठी ओलांडून गेला होता. आणि जो चाळिशीत होता, त्याच्या जागी पुष्कळदा त्याचा वारस चिठ्ठी पाहावयास आला. पनवेलजवळच्या कोन येथील घरांची सोडत २०१६ च्या डिसेंबरात झाली आणि ताबा हाती पडावयास त्यापुढेही अनेक वर्षे गेली. तरुणपणी उशिरा आलेले घर गैरसोय करते; म्हातारपणी उशिरा आलेले घर येतच नाही.

तिसरे दार गावच्या घराचे. कोकणातला, साताऱ्याकडचा चाकरमानी आयुष्यभर म्हणत असतो, "आपले गावचे घर आहेच." आहे खरे. पण मे महिन्यात आठ दिवस आंबे खात पाहिलेले घर आणि आषाढात कौले गळत असताना पाहिलेले घर ही दोन निराळी घरे आहेत. शिवाय त्या घरात भावांचा, चुलत्यांचा वाटा असतो. आपण वर्षानुवर्षे घरपट्टी भरली एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. आणि रात्री छातीत कळ आली तर दवाखाना किती कोसांवर, वाहन कोणाचे, हे कोणी मोजलेले नसते. गावी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जावे, पण आधी शहरातली खोली हातची न सोडता एक संपूर्ण पावसाळा नवराबायकोने तेथे राहून पाहावे, आणि मग ठरवावे.

तिन्ही दारांशी प्रश्न एकच. जागा किती मोठी हा तो प्रश्न नव्हे. ठरविणार कोण, आणि वेळेवर ठरविणार काय, हा तो प्रश्न आहे. या बाबतीत आपल्या जुन्या परंपरेने काय सांगितले आहे ते पाहू. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. त्या ग्रंथाशी आमचे भांडण जुने आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्याचे दहन झाले ते योग्यच झाले असे आम्ही मानतो. परंतु या एका आज्ञेत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की गृहस्थ स्वतः निघतो, चालता येत असताना निघतो. दुसरी गोष्ट मात्र आम्हांला मुळीच मान्य नाही. बायकोला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे, असे तेथे म्हटले आहे. तिला काय वाटते हे विचारावे, असे मात्र म्हटलेले नाही. आणि आजही आमच्या घराघरांतून ते विचारले जात नाही.

बंधूंनो, नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा वर्षे खपून गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १० जून १८९० पासून. निवृत्ती हा कामगाराच्या आयुष्याचा मोठा रविवार आहे असे आम्ही समजतो. पण त्या रविवारी घरात कोण राबते? नवऱ्याचा कामाचा दिवस संपतो. बायकोचा संपत नाही. उलट तो दिवसभर घरी बसू लागल्यामुळे तिला दोन वेळा चहा जास्त टाकावा लागतो. तीन खोल्या झाडावयाच्या, पुसावयाच्या, दिवाळीला माळे काढावयाचे, पाणी भरून ठेवावयाचे. हे सारे तिने सत्तराव्या वर्षीही करावयाचे, कारण घर "आपले" आहे. लहान घराचा सर्वांत मोठा लाभ कोणाला होत असेल तर तो तिला. म्हणून पहिले मत तिचे घ्यावे. तिची शेजारीण, तिची भाजीवाली, तिचे भजनी मंडळ कोठे आहे, हे नकाशावर पाहिल्याशिवाय नव्या जागेचा बयाणा देऊ नये.

आता सोयीचे घर ओळखावयाचे कसे? आम्ही तीन मापे सुचवितो. पहिले माप पायांचे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला, मजल्याला अठरा पायऱ्या धरल्या तर, चौपन्न पायऱ्या होतात. दिवसातून तीन वेळा उतरून चढले तर ३२४ पायऱ्या. तिशीत हा आकडा मनात येत नाही. साठीनंतर माणूस तीनऐवजी एकदाच उतरतो. पुढे एक दिवसाआड उतरतो. आणि शेवटी निवृत्तीवेतनाच्या कामापुरता उतरतो. कोणी कुलूप लावलेले नसते, पण माणूस कैदेत पडलेला असतो. म्हणून तळमजला, किंवा जिची देखभाल नियमाने होते अशी लिफ्ट. न्हाणीघर आत, त्याची फरशी ओली झाली तरी न घसरणारी, भिंतीला धरावयास दांडा, बसावयाचा संडास, पलंगापासून तेथवर वाटेत उंबरठा नाही, आणि रात्री लावण्याचा दिवा हाताशी. एखादे दार तरी तीन फूट रुंद असावे. चाकाची खुर्ची लागेल असे कोणाला वाटत नाही, पण ती लागते तेव्हा दार पाडता येत नाही.

दुसरे माप अंतराचे. औषधाचे दुकान, डॉक्टर, किराणा आणि बँक किंवा पोस्ट, हे चारही पायी दहा मिनिटांत असावेत. चार पैसे वाचविण्यासाठी शहराबाहेर दूर गेलेला निवृत्त माणूस ते पैसे रिक्षात घालवितो, आणि रिक्षा मिळाली नाही तर डॉक्टरकडे जाण्याचेच टाळतो.

तिसरे माप माणसांचे. जेथे ओळखीची पाच घरे आहेत तेथे घर लहान असले तरी राहणे मोठे असते. आमच्या परिचयाचे एक जोडपे आहे. तिसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा ब्लॉक विकून त्यांनी त्याच गल्लीत, चार इमारती सोडून, तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतले. पेठ तीच, वाचनालय तेच, दूधवाला तोच. गृहस्थ सांगतात, "सामान हलले, आम्ही हललो नाही." असे हलणे सर्वांत चांगले.

मात्र लहान म्हणजे किती लहान, यालाही मर्यादा आहे. एक आजारी असेल तर दुसऱ्याला झोप मिळेल एवढी जागा हवी. लेक माहेरपणाला आली तर तिने परत कधी जाणार हे विचारावे लागू नये. आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतरही भांडण होते. तेव्हा तोंड फिरवून बसावयास दुसरी खोली असलेली बरी.

आता पैशाचा हिशेब. कायद्याप्रमाणे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, दर वर्षाच्या नोकरीस पंधरा दिवसांचा पगार या दराने मिळते आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. ज्याचा अखेरचा मूळ पगार महागाईभत्त्यासह २६,००० रुपये, त्याचा रोज झाला १,००० रुपये. तीस वर्षांची नोकरी असेल तर पंधरा हजार गुणिले तीस, म्हणजे ४,५०,००० रुपये. भविष्य निर्वाह निधी वेगळा. आणि निवृत्तीवेतन? भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत २०१४ साली किमान निवृत्तीवेतन ठरले ते महिना १,००० रुपये. या आकड्यांपुढे चुकीच्या घराची किंमत लिहून पाहा. मोठ्या जागेचा सोसायटीचा आकार, घरपट्टी, रंग, गळती, वीज हे सारे महिन्याच्या महिन्याला मागतात. मोठी जागा स्वतःची असूनही तिच्यात राहणारा भुकेला असू शकतो. ती विकून लहान घेतली तर जी रक्कम उरते ती म्हातारपणाची भाकरी आहे. ती पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येते. त्या योजनेची मर्यादा २०२३ साली पंधरा लाखांवरून तीस लाखांवर नेली, आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात पडते. ती रक्कम मुलाच्या धंद्यात, जावयाच्या गाडीत किंवा भाच्याच्या शब्दावर घालू नये. आणि क्रम चुकवू नये. आधी नवी जागा पाहावी, तिचा नोंदणीकृत करार, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भागदाखला तपासावा. जुनी जागा त्यानंतर सोडावी.

सर्वांत नाजूक मुद्दा आता आला: घर कोणाच्या नावावर? आपल्याकडे पुंडलिकाची कथा घरोघर ठाऊक आहे. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या विठ्ठलाला वीट सरकवून उभे केले. पुंडलिकाचे घर केवढे होते हे कोणी सांगत नाही, आणि ते कोणाच्या नावावर होते हेही कोणी विचारीत नाही. ती श्रद्धा आम्हांला प्रिय आहे. परंतु पुंडलिकाला रात्रपाळी नव्हती, आणि त्याची बदली नागपूरला होत नव्हती. आजची मुले वाईट आहेत असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. मुलांचीही ओढाताण आम्ही पाहतो. तरी घर मुलाच्या नावावर करून देऊन त्याच घरात आश्रित होणे, हे दोघांच्याही नात्याला घातक आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर मुलाबाळांना बक्षीस देण्यास मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते. शहरात स्थानिक आकार वर पडतो. देणे इतके स्वस्त आहे. परत घेणे मात्र फार महाग पडते.

२००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या तेविसाव्या कलमात तरतूद आहे की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि तो सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले की अशी अट असल्याचे दिसले पाहिजे. आणि २०२५ च्या जानेवारीत हेही सांगितले की हा कायदा वृद्धांच्या हिताच्या बाजूने उदारपणे वाचावा. म्हणून द्यावयाचेच असेल तर अट कागदावर लिहावी. त्याहून बरे म्हणजे मृत्युपत्र करावे, आणि जिवंत असेपर्यंत घर नवराबायको दोघांच्या नावावर ठेवावे. ज्याच्या नावावर घर असते त्याच्याशी घरात सगळे जरा हळू बोलतात, हा आमचा अनुभव आहे.

"लोक काय म्हणतील?" हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. मोठी जागा विकली म्हणजे पडती आली, असा बोभाटा होतो. आमचे उत्तर असे की अंथरूण पाहून पाय पसरण्याची शिकवण आपलीच आहे. आणि अंथरूण लहान करणारा माणूस पाय आखडीत नसतो, तो पांघरूण पुरवीत असतो. सामानाचेही तसेच. तांब्याचा बंब, ट्रंका, पाहुण्यांच्या गाद्या, कधीतरी लागेल म्हणून माळ्यावर चढविलेले पाट, यांतले काय कोणाला द्यावयाचे ते आपल्या हाताने द्यावे. आपण दिले तर ती भेट होते. आपल्यामागे काढले तर ते भंगार होते.

हे सारे झाले माणसाने स्वतः करावयाचे. पण आम्ही युनियनचे माणूस आहोत. मागणी केल्याशिवाय बसणे आमच्या रक्तात नाही. २०११ च्या शिरगणतीत देशात साठीवरची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. महाराष्ट्रात शंभरांत जवळजवळ दहा. यांतल्या कष्टकऱ्याला तळमजल्यावरची लहान, स्वच्छ जागा शोधूनही सापडत नाही. कारण बिल्डर ती दुकानाला देतो नाही तर मोटारींना देतो. २०२४ साली महारेराने ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना लिफ्ट, रुंद दारे, आधाराचे दांडे यांविषयी नियम घालून दिले. उत्तम झाले. परंतु ते प्रकल्प ज्यांच्या खिशाला परवडतात, त्यांना दांडा स्वतःच्या खर्चाने बसविता आला असता. आमची मागणी अशी की म्हाडाच्या आणि नगरपालिकांच्या प्रत्येक वसाहतीत काही लहान गाळे याच मापाने बांधावेत. ते वृद्धांना माफक भाड्याने द्यावेत, वृद्धांनंतर पुन्हा वृद्धांनाच मिळावेत. आणि ते गावाबाहेर वेगळे न काढता वस्तीच्या मध्यावर, शाळेच्या आणि बाजाराच्या जवळ असावेत. म्हाताऱ्यांना मुलांचा गलबला लागतो. शांततेची हौस तरुणांना असते. आणि कारखान्यांतल्या आमच्या भावांना सांगणे असे की वेतनकराराच्या मागण्यांत निवृत्तीच्या घराचे कलम घाला: निवृत्तीआधी पाच वर्षे जागेविषयी सल्ला आणि कर्ज, आणि क्वार्टर सोडण्यास माणुसकीची मुदत.

पन्नाशीत पाहावे आणि साठीत हलावे, असा आमचा साधा नियम आहे. बेत या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. बेत म्हणजे योजना, आणि बेताचे म्हणजे जेवढ्यास तेवढे. निवृत्तीचे घर दोन्ही अर्थांनी बेताचे असावे. त्यासाठी आम्ही आपल्याला एकच काम सांगतो. आज व्याख्यान ऐकून घरी जाल तेव्हा जिना चढताना पायऱ्या मोजा. तो आकडा नवराबायकोने दोघांनी मिळून कागदावर लिहा, त्याखाली पुढच्या वीस वर्षांचे आकडे मांडा, आणि मग बोलावयास बसा.